नऊ टन फ्लँज, मोम्बासा आणि एक वीस फुटी डबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतलं एक छोटं युनिट कार्बन स्टीलचे फ्लँज, म्हणजे पाइप एकमेकांना जोडायच्या जाड चकत्या, बनवतं. आजवर व्यापाऱ्यामार्फत माल जायचा, आता पहिल्यांदाच थेट निर्यातीची ऑर्डर आली आहे: केनियातलं मोम्बासा, साधारण नऊ टन. फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतो अख्खा वीस फुटी कंटेनर घ्या. मेहुणे म्हणतात, एवढ्याशा मालाला अख्खा डबा कशाला, दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवा. शिवाय प्रश्नकर्त्यांना मुळातच विचारायचं आहे की कंटेनर हवाच कशाला, ट्रकमधून पेट्या सरळ जहाजात का चढवत नाहीत, आणि भरताना नेमकं काय बघायचं.

फॉरवर्डरचं ऐका. माल तीन टन असता तर मी मेहुण्यांच्या बाजूने उभी राहिले असते. का ते सांगते, पण आधी डब्याचं मूळ सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

मी हे काम चोवीस वर्षं करते आहे. सुरुवात बेलापूरला एका फॉरवर्डरकडे कागद टाइप करण्यापासून झाली, पण घरात बंदराच्या गप्पा त्याआधीपासून होत्या. मामा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन उतरणारी प्रत्येक गोणी मोजायची, हेच काम. गोण्या, पेट्या, पिंपं जाळ्यात भरायची, डेरिकने उचलायची, जहाजाच्या पोटात उतरवायची, आणि तिथे कामगार आकड्याने ओढून एकावर एक रचायचे. एक जहाज आठवडा-आठवडा धक्क्याला बांधलेलं असायचं. दर खेपेला काही पेट्या फुटायच्या, काही "फुटायच्या". मामा हा दुसरा शब्द डोळा मारून म्हणायचे.

तुम्ही विचारता तसं ट्रकमधून जहाजात पेट्या चढवणं म्हणजे हेच. हे बंद पाडलं अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकमालकाने. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल एक्स' हे जुनं तेलवाहू जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, तेव्हा डेकवर ५८ डबे होते. सुटा माल चढवायला टनामागे ५.८६ डॉलर पडायचे, तिथे डब्यातल्या मालाचा हिशेब १६ सेंटच्या आत आला. पण माझ्या मते खरी करामत डबा नव्हती. पत्र्याची पेटी कोणालाही सुचली असती. करामत आहे डब्याच्या आठ कोपऱ्यांत. तिथे ओतीव लोखंडाचे जे भोकं असलेले ठोकळे दिसतात, त्यांना कॉर्नर कास्टिंग म्हणतात. त्यात ट्विस्टलॉक घालून पिळला की डबा ट्रेलरला, वॅगनला, जहाजाला किंवा खालच्या डब्याला पक्का बसतो. क्रेनचा स्प्रेडरही तेच कोपरे पकडतो. मॅकलीनच्या कंपनीने या कोपऱ्याचं पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दिलं, म्हणून जगभरचे डबे एका मापाचे झाले. तुमच्या गेटवर आलेला ट्रेलर, न्हावा शेव्याची क्रेन आणि मोम्बासाची क्रेन एकमेकांना ओळखत नाहीत, पण कोपरे तेच असतात.

त्यामुळे न्हावा शेव्याला एक क्रेन तासाला पंचवीस-तीस डबे हलवते आणि मोठं जहाजही दिवस-दीड दिवसात मोकळं होतं. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर आज वर्षाला ७० लाख टीईयूच्या वर डबे हाताळतं. एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी डबा. चाळीस फुटी म्हणजे दोन. उरण, द्रोणागिरी, जासई, करळ हा सगळा पट्टा या डब्यांभोवतीच वसला आहे. पामबीचला राहणाऱ्यांना तो फक्त ट्रॅफिक म्हणून माहीत असतो.

आता मुद्द्याचं. मामांच्या काळात माल दहा जणांच्या हातून जायचा. चोरी व्हायची, पण पेटी कलंडली तर कोणीतरी सरळही करायचं. आज तुमच्या गेटवर दार बंद होऊन सील लागलं की मोम्बासाच्या खरेदीदारापर्यंत त्या मालाला कोणी हात लावत नाही. त्यासाठीच तर डबा घ्यायचा. पण आत एखादी पेटी सुटली, पाणी ठिबकलं, तळ खचला, तर तीन आठवडे तेही कोणी बघत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने मालाची दिलेली पावती, हातात आलं की नीट वाचा. त्यावर "शिपर्स लोड, स्टो अँड काउंट" आणि "सेड टू कन्टेन" असं छापलेलं असतं. शिपिंग लाइनचं म्हणणं एवढंच: आम्हाला एक बंद डबा मिळाला, त्यावर अमुक नंबरचं सील होतं, आत फ्लँज आहेत असं हे सांगतात. पूर्वी गोदीत जे रचणं-बांधणं व्हायचं, ते काम आता तुमच्या शेडच्या दारात येऊन पडलं आहे, आणि बहुतेक नव्या निर्यातदारांना ते कळलेलंच नसतं.

मेहुण्यांनी सुचवलेल्या एलसीएलचा प्रश्न इथूनच सुटतो. एलसीएल म्हणजे तुमचा माल ट्रकने द्रोणागिरीकडच्या एखाद्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) जातो, तिथे कन्सोलिडेटर तो पाच-दहा जणांच्या मालाबरोबर एका डब्यात भरतो, आणि मोम्बासाला पुन्हा तो सोडवला जातो. म्हणजे फोर्कलिफ्टचे काटे तुमच्या पेट्यांखाली निदान चार वेळा जाणार. डब्यातल्या एकाच्याही कागदात घोळ निघाला तर सगळे अडकणार. भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. तुमचे नऊ टन फ्लँज पेट्यांत घालून जेमतेम साडेचार-पाच घनमीटर होतील, पण पैसे नऊचे द्यावे लागतील. आणि एलसीएलचा स्वस्त दर दाखवणारे तिथल्या टोकाचे आकार सांगत नाहीत; ते खरेदीदाराच्या बोकांडी बसतात आणि पुढची ऑर्डर येत नाही. दोन्ही दर लेखी घ्या, मोम्बासाच्या खर्चासकट. मग मेहुण्यांना तो कागद दाखवा.

वीस फुटीच का, हेही सांगते, कारण कोणीतरी "थोडे जास्त देऊन चाळीस फुटी घे" म्हणेलच. वीस फुटीत आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि वजन साधारण २८ टनांपर्यंत घेतं. चाळीस फुटीत जागा दुप्पट, ६७ घनमीटर, पण वजन दुप्पट नाही. उलट एकूण वजनाची मर्यादा बहुधा तीच, ३०,४८० किलो, आणि रिकामा डबाच पावणेचार टनांचा, म्हणून माल वीस फुटीपेक्षाही कमी मावतो. थर्माकोल, फर्निचर, कपडे यांना चाळीस फुटी किंवा त्याहून फूटभर उंच हाय क्यूब. लोखंड, फरशी, रसायनं यांना वीस फुटी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कोणालाही विचारा, हेच सांगेल.

रिकामा डबा एम्प्टी यार्डातून येईल तेव्हा ड्रायव्हर घाईत असेल. असू दे. दार उघडून एका माणसाला आत उभं करा, दोन्ही दारं बाहेरून घट्ट लावून घ्या आणि आतल्याला छताकडे, कोपऱ्यांकडे, दाराच्या रबराकडे बघायला सांगा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. हा तपास एक मिनिटाचा आहे आणि मी पाहिलेले निम्मे ओले माल त्याने वाचले असते. मग वास घ्या. आधी मासळीची भुकटी किंवा कातडं गेलं असेल तर लगेच कळतं. फ्लँजना फरक पडत नाही, पण पुढे मसाल्याची ऑर्डर घ्याल तेव्हा लक्षात ठेवा. लाकडी तळाची फळी दबलेली, तेलकट किंवा ओली नाही ना, खिळे वर आलेले नाहीत ना, हे बघा. डब्यावर फ्युमिगेशनचं, म्हणजे कीड मारायला विषारी वायू सोडल्याचं, स्टिकर असेल आणि वास तिखट असेल तर आत पाय ठेवू नका. तो वायू माणसालाही मारतो. दारावरच्या सीएससी प्लेटची, म्हणजे डबा सुरक्षिततेच्या तपासणीत पास असल्याच्या पट्टीची, तारीख बघा. डबा पसंत नसेल तर परत पाठवा. फॉरवर्डर कुरकुर करेल, ट्रेलरची फेरी वाया जाईल, तरी पाठवा.

भरणं हा सगळ्यात मोठा भाग आहे. रबाळ्याच्या बहुतेक गाळ्यांना डॉक (माल चढवायचा ओटा) नसतो आणि ट्रेलरवरच्या डब्याचा तळ छातीच्या उंचीला येतो. फोर्कलिफ्टने पेटी दाराच्या कडेवर ठेवायची आणि आत हँड पॅलेट ट्रॉलीने ढकलत न्यायची, हा सोपा मार्ग. हायड्रा क्रेन लावून पेटी लोंबकळत आत घालायचा प्रकार मी पाहिला आहे. दाराची चौकट वाकली आणि ती दुरुस्ती शिपरच्या बिलात आली.

तुमचा माल एक-एक टनाच्या नऊ पेट्यांत जाईल असं धरू, प्रत्येक पेटी साधारण १.१ मीटर रुंद, ०.९ मीटर लांब, अर्धा मीटर उंच. आतली रुंदी २.३५ मीटर, म्हणून दोन पेट्या शेजारी-शेजारी बसतात. पाच ओळी, शेवटची एकट्या पेटीची, ती मधोमध. लांबी साडेचार मीटर झाली आणि डबा आत ५.९ मीटर. उरलेल्या सव्वा-दीड मीटरचं काय करायचं, हा खरा प्रश्न. आतल्या भिंतीपासून सलग रचून दाराकडे मोकळं सोडलं की वजन एका टोकाला जातं आणि लाट आली की सगळं दाराकडे धावतं. अर्ध्या लांबीत साठ टक्क्यांहून जास्त वजन येऊ देऊ नका. ओळी पसरवा आणि मधल्या फटी लाकडी ओंडक्यांनी ठोकून बंद करा.

इथे नवे लोक एक चूक हमखास करतात. डब्यात कड्या दिसतात, त्यांना पट्टे बांधले की झालं असं त्यांना वाटतं. तळाच्या कड्या टन-टनभर ताणाच्या असतात, वरच्या त्याच्या निम्म्या. नऊ टन लोखंड जहाज तीस अंशांनी कलंडल्यावर त्या कड्या धरून ठेवणार नाहीत. माल अडवायचा लाकडाने आणि लाकूड टेकवायचं कोपऱ्याच्या खांबांना किंवा तळाला. नागमोडी पत्र्याची भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते, सगळी ताकद तळ आणि चार खांबांत असते. त्या खांबांवर मिळून १९२ टनांपर्यंतचा थर पेलण्याची चाचणी होते, पण त्याच डब्याच्या छतावर दोन माणसं उड्या मारायला लागली तर पोचे पडतात. माल दाराला टेकवून तर कधीच ठेवू नका. मोम्बासाला दार उघडणाऱ्या माणसाचा विचार करा.

माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. तळोज्याच्या एका गिऱ्हाइकाकडे भरणं उशिरा सुरू झालं, कट-ऑफ, म्हणजे डबा बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ, त्याच रात्रीची. मजुरांनी जड इलेक्ट्रिक मोटर दारालगतच ठेवल्या, कारण आत ढकलायला कंटाळा. मी ऑफिसात बसून फोटोवर समाधान मानलं. फोटो दारातून काढलेला होता. दारातून बघितलं तर डबा भरलेलाच दिसतो. करळ फाट्याच्या वळणावर ट्रेलरची मागची बाजू बसली आणि पुढचा भाग हलका होऊन गाडी रस्त्यावर आडवी झाली. कोणाला इजा झाली नाही, पण रात्री दोनला उरण रोडवर दोन्ही बाजूंना रांगा लागल्या होत्या आणि प्रत्येक ड्रायव्हर उतरून मला विचारत होता, "मॅडम, भरलं कोणी?" तेव्हापासून मी भरताना तीन फोटो मागते: एक तृतीयांश, अर्धं आणि पूर्ण.

दुसरी भीती पाण्याची, आणि ते पाणी नेहमी बाहेरचंच नसतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओलीचिंब असते. ती हवा, ओल्या लाकडाच्या पेट्या आणि मजुरांच्या चपलांचं पाणी असं सगळं आपण डब्यात कोंडून पाठवतो. दिवसा पत्रा तापतो, लाकडातली ओल हवेत जाते. रात्री छत थंड होतं आणि तीच ओल थेंब होऊन मालावर टपकते. एका जुलैत भरलेल्या पंपांचे फोटो हॅम्बुर्गहून आले, तेव्हा ते समुद्राच्या तळातून काढल्यासारखे दिसत होते. डब्याला एकही भोक नव्हतं. पेट्यांचं लाकूड हिरवं होतं, एवढंच.

मुंबई आणि मोम्बासा दोन्ही उष्ण, मग घाबरायचं कशाला, असं वाटेल. म्हणून खरेदीदाराला एक विचारा: डबा मोम्बासाला उघडणार की रेल्वेने नैरोबीला नेणार? नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, रात्री गार होतात. तिथे यार्डात डबा चार दिवस उभा राहिला की आतला पाऊस सुरू. फ्लँजना गंजरोधक तेल, त्यावर व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी), डब्यात ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगलेल्या, आणि लाकूड वाळलेलं. लाकडाची आणखी एक अट आहे. पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे किंवा औषधाने निर्जंतुक केलेलं आहे. आणि हे फक्त पेट्यांना नाही, मधे ठोकलेल्या ओंडक्यांनाही लागू. शेजारच्या वखारीतून घाईत आणलेल्या एका ओंडक्यापायी अख्खा डबा परत फिरू शकतो. केनियासाठी माल निघण्याआधी इथेच करायची पीव्हीओसी तपासणीही असते, माल तिथल्या मानकांत बसतो का याची. त्याचं आजच खरेदीदाराशी बोला, डबा आल्यावर नको.

वजनाचं प्रकरण सरळ आहे, पण लोक त्यातच अडकतात. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन, व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. नऊ टन हे फ्लँजचं वजन झालं. पेट्या, ओंडके, पट्टे धरून ते साडेनऊच्या पुढे जाईल, आणि रिकाम्या डब्याचे सव्वादोन टन वेगळे; ते दारावर टेअर म्हणून रंगवलेले असतात. अंदाजाने आकडा लिहू नका. वाटेत काटा करा आणि चिठ्ठी जपून ठेवा. कुठला डबा वर आणि कुठला खाली, हे जहाजाचा प्लॅनर याच आकड्यांवर ठरवतो.

सील लावताना स्वतः उभे राहा. उजवं दार डाव्यावर येतं, म्हणून बोल्ट सील उजव्या दाराच्या दांड्यावर. डब्याचा नंबर चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक शेवटचा आकडा असा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो, त्यामुळे टाइप करताना चूक झाली की संगणक बहुधा पकडतो. सीलच्या नंबराला असा पहारेकरी नाही. तिथे ६ चा ८ झाला की गेटवर दिवस गेला. कारखान्यात भरून सेल्फ-सीलिंग करणार असाल तर आरएफआयडी ई-सील लागेल. ते तुमचा सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) करून देईल. त्याच्याकडून शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) आणि फॉर्म १३ (टर्मिनलच्या गेटचा परवाना) कट-ऑफच्या आदल्या दिवशी तयार करून घ्या. रबाळ्याहून न्हावा शेवा चाळीसेक किलोमीटर, पण अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा, गव्हाण फाट्याची कोंडी आणि टर्मिनलच्या गेटची रांग धरली तर निम्मा दिवस गेला समजा. आणि कुठल्या टर्मिनलला जायचं ते ड्रायव्हरला तोंडी सांगू नका, लिहून द्या. न्हावा शेव्याला टर्मिनलं पाच आहेत, आणि चुकीच्या रांगेत तीन तास काढलेले ड्रायव्हर मला दर महिन्याला भेटतात.

डबा तुमच्या दारात आल्यापासून मीटर चालू असतो, हे विसरू नका. लाइन काही दिवस फुकट देते, पुढे रोजचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडवून ठेवल्याचा आकार, लागतं. बंदरात किंवा सीएफएसमध्ये डबा पडून राहिला तर जागेचं भाडं निराळं. म्हणजे एकाच रिक्षाला दोन मीटर. माल तयार नसताना डबा मागवू नका.

तांबड्या समुद्रावरचे हल्ले २०२३ च्या अखेरीस सुरू झाल्यापासून युरोपची बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. मोम्बासा त्या वाटेवर नाही, पण डबे इतके दिवस समुद्रात राहिले की इथे रिकामे कमी पडतात. द्राक्षांच्या हंगामात तर रीफर (आत थंड ठेवणाऱ्या) डब्यांसाठी नाशिकवाले माझ्या फोनवर अक्षरशः आर्जवं करतात. तुमच्या साध्या वीस फुटीला तेवढी मारामार नाही, तरी बुकिंग दोन आठवडे आधी करा. थेट जहाज असेल तर आठवडा-दहा दिवसांत पोहोचतं. मधे कुठे डबा बदलून दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर भाडं थोडं कमी, पण तीन आठवडे धरा. पहिल्या ऑर्डरला मी थेट जहाज घेईन.

विमा घ्या, आणि पॉलिसीतली वगळण्याची कलमं वाचा. तुम्ही स्वतः केलेलं कच्चं पॅकिंग, डब्यातल्या रचनेसकट, त्यात बहुधा वगळलेलं असतं. तरीही विमा हवाच. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये सहा दिवस अडकलं, तेव्हा मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात ज्यांचा माल धडधाकट होता त्यांनाही वाटा उचलावा लागला, आणि विमा नसलेल्यांना हमीची रक्कम भरेपर्यंत माल मिळत नाही.

फॉरवर्डरला उद्या एवढंच विचारा: दरात मोम्बासाचे आकार धरलेत का, जहाज थेट आहे का, फुकटचे दिवस किती, आणि डबा खराब आला तर परतीच्या फेरीचे पैसे कोण देणार. चौथ्या प्रश्नावर तो जरा थांबला, तर काम जाणणारा आहे. लगेच "तसं होत नाही मॅडम" किंवा "तसं होत नाही साहेब" म्हणाला, तर दुसऱ्याचाही दर घ्या.